व्हर्च्युअल कॅमेरा काही केल्या दिसत नाही: मदत हवी आहे

खडूफळा
सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी गणित शिकवते, आणि सध्या आठवड्यातून चार तास ऑनलाइन घेते. आतापर्यंत लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर वही उभी धरून उदाहरणं दाखवत होते. हात दुखतो आणि मुलांना वहीपेक्षा माझा अंगठाच जास्त दिसतो.

म्हणून मनात असं आलं की मोबाइल वरून टांगायचा, म्हणजे तो थेट खाली वहीकडे बघेल. मोठ्या चौकटीत वही, कोपऱ्यात माझा चेहरा, आणि हे सगळं मिळून एकच चित्र मीटिंगमध्ये जावं. त्यासाठी ओबीएस स्टुडिओ (अनेक कॅमेऱ्यांची चित्रं एकत्र मांडणारं सॉफ्टवेअर) घेतलं. आत दोन्ही चित्रं छान जुळवली. पण मीटिंगच्या ॲपमध्ये कॅमेऱ्यांच्या यादीत फक्त लॅपटॉपचा मूळ कॅमेरा येतो. 'व्हर्च्युअल कॅमेरा' नावाचं काही नाहीच. विंडोज ११ आहे. तीन संध्याकाळी यात गेल्या. सोप्या भाषेत सांगा, मी गणितवाली आहे, संगणकवाली नाही.

झटपट_उत्तर
सोमवार, रात्री ९:५२

ड्रायव्हर अपडेट करा. नाही झालं तर विंडोज परत टाका. माझं नेहमी त्यानेच होतं.

गुंतावळ
सोमवार, रात्री १०:१५

विंडोज वगैरे काही टाकू नका हो. झटपटराव, तुम्ही पंखा फिरला नाही तर घर पाडायला सांगाल. (दिवा घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

खडूफळा, आधी हे प्रकरण काय आहे ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं शोधणं सोपं जाईल. मीटिंगच्या ॲपला ओबीएस वगैरे काही कळत नाही. ते विंडोजला विचारतं, 'बाबा रे, तुझ्याकडे कॅमेरे कोणते?' विंडोज आपल्या नोंदवहीत बघून यादी देतं. व्हर्च्युअल कॅमेरा म्हणजे त्या नोंदवहीत लावलेलं एक खोटं नाव. त्यामागे भिंग नाही, एक छोटी फाइल आहे. ॲपने त्या नावाकडे चित्र मागितलं की ती फाइल ओबीएसमध्ये तयार झालेलं चित्र पुढे सरकवते.

तेव्हा यादीत नावच नाही याचा अर्थ नोंद झालेली नाही. तुमचा मोबाइल, वही, चौकटी, त्यांचा यात काही दोष नाही. दोन प्रश्न:
१. ओबीएसच्या खिडकीत उजवीकडे खाली बटणं असतात, 'स्टार्ट रेकॉर्डिंग' वगैरे. त्यांत 'स्टार्ट व्हर्च्युअल कॅमेरा' हे बटण आहे का?
२. ओबीएस कसं टाकलंत? इन्स्टॉलर चालवून, की झिप उघडून?

खडूफळा
सोमवार, रात्री १०:३१

अगंबाई! बटण नाहीये. मी व्हिडिओत बघितलं होतं, वाटलं माझी आवृत्ती वेगळी असेल. आणि हो, झिप. या लॅपटॉपचं ॲडमिन खातं लेकाने स्वतःकडे ठेवलंय, त्यामुळे इन्स्टॉलर पासवर्ड मागत बसला. झिप उघडून डेस्कटॉपवर ठेवली तर मुकाट चालू झाली.

गुंतावळ
सोमवार, रात्री १०:४४

सापडलं. इन्स्टॉलर ती नोंद आपोआप करतो, झिप करत नाही. आणि नोंद नसली की ओबीएस ते बटणही लपवतं.

आता असं करा:

आधी तो फोल्डर डेस्कटॉपवरून उचलून एखाद्या कायमच्या जागी ठेवा. नोंदीत फाइलचा पूर्ण पत्ता लिहिला जातो. नंतर फोल्डर हलवलात की पत्ता चुकला, कॅमेरा पुन्हा गायब. मग ओबीएस बंद करा. फोल्डरात 'डेटा', त्यात 'ओबीएस-प्लगइन्स', त्यात 'विन-डीशो' असं आत जा (मी नावं देवनागरीत लिहितोय, तिथे रोमनमध्ये दिसतील). तिथे 'व्हर्च्युअलकॅम-इन्स्टॉल' नावाची बॅट फाइल असेल. तिच्यावर उजवी टिचकी, 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'. इथे पासवर्ड लागेल, तेवढ्यासाठी लेकाला फोन करावाच लागणार. काळी खिडकी येऊन जाईल. मीटिंगचं ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, कारण बरीच ॲपं यादी फक्त सुरुवातीला वाचतात. ब्राउझरमधून मीटिंग करत असाल तर तो टॅबही बंद करून नव्याने.

त्याच फोल्डरात 'अनइन्स्टॉल'ची जुळी फाइल आहे. कधी जागा बदलायची झाली तर आधी ती चालवा.

रात्रपाळी
सोमवार, रात्री ११:५८

धाग्याशी थेट संबंध नाही, पण लिनक्सवर हेच कर्नलचं (म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचं) एक मॉड्यूल, एक जोड-तुकडा, लावून होतं, व्ही-फोर-एल-टू-लूपबॅक. तिथली एक मेख सांगून ठेवतो, कुणाच्या तरी कामी येईल. मॉड्यूल लावताना 'एक्स्क्लुझिव्ह कॅप्स' हा पर्याय १ ठेवा. नाहीतर ते उपकरण 'मी चित्र घेतोही आणि देतोही' असं सांगत बसतं, आणि क्रोमसारखे ब्राउझर म्हणतात हा काही कॅमेरा नव्हे. त्याला यादीतच घेत नाहीत. मी यात एक अख्खी रात्र घालवली आहे. सिक्युअर बूट (सही नसलेलं काही गाभ्यात शिरू न देणारी सोय) चालू असेल तर मॉड्यूलवर सहीही करावी लागते, नाहीतर कर्नल ते आत घेत नाही.

झटपट_उत्तर
मंगळवार, सकाळी ७:१०

आला लिनक्सवाला.

रात्रपाळी
मंगळवार, सकाळी ७:१२

तुमच्यासारखं दर महिन्याला विंडोज टाकावं लागत नाही हो आम्हाला.

खडूफळा
मंगळवार, रात्री ८:२०

लेकाने फोनवरून पासवर्ड दिला ("आई, पुन्हा झिप उघडू नकोस" या उपदेशासकट). बटण आलं! यादीत नावही आलं!! पण आता नवीनच. मीटिंगमध्ये तो कॅमेरा निवडला तर आधी ओबीएसचं गोल चिन्ह दिसत होतं. मग लक्षात आलं की बटण दाबलंच नव्हतं. दाबल्यावर वही आली, पण कोपऱ्यातला माझा चेहरा काळा. काल ओबीएसमध्ये तर दिसत होता.

गुंतावळ
मंगळवार, रात्री ८:४१

ते चिन्ह म्हणजे नोंद झाली, पण मागून चित्र येत नाहीये. चांगली खूण आहे, लक्षात ठेवा.

काळ्या चौकटीचं कारण बहुतेक हे: मीटिंगचं ॲप उघडलं तेव्हा त्याने सवयीने लॅपटॉपचा खरा कॅमेरा धरला. विंडोजवर सहसा एका वेळी एकाच ॲपला कॅमेरा मिळतो. ज्याने आधी धरला तो सोडेपर्यंत बाकीचे काळोखात. म्हणून क्रम असा ठेवा: आधी ओबीएस, त्यात दोन्ही चित्रं दिसताहेत हे बघा, बटण दाबा, आणि मग मीटिंगचं ॲप. ॲपच्या सेटिंगमध्ये व्हर्च्युअल कॅमेरा कायमचा निवडून ठेवा. अँटिव्हायरसमध्ये 'वेबकॅम संरक्षण' असं काही चालू असेल तर तेही बघा, ते गुपचूप दार लावून घेतं.

खडूफळा
मंगळवार, रात्री ९:०५

क्रम बदलला, चेहरा आला. धन्स! धन्स!!

पोटमाळा
मंगळवार, रात्री ९:३०

वाचनखूण साठवली. मॅकवाल्यांसाठी दोन ओळी. मॅकओएस १३ आणि ओबीएस ३० पासून व्हर्च्युअल कॅमेरा सिस्टिम एक्स्टेन्शन म्हणून बसतो. पहिल्यांदा बटण दाबलं की सिस्टिम सेटिंग्जमध्ये जाऊन त्याला परवानगी द्यावी लागते. आणि ओबीएस 'ॲप्लिकेशन्स' फोल्डरातच हवं. डाउनलोड्समधून चालवाल तर बसणार नाही. आमच्याकडचा 'झिप डेस्कटॉपवर' प्रकार म्हणजे हाच. जुन्या पद्धतीचे कॅमेरा प्लगइन मॅकओएस १४.१ पासून मुळातच बंद ठेवलेले असतात, तेव्हा एखादं जुनं कॅमेरा-सॉफ्टवेअर अचानक गायब झालं असेल तर त्याची नवी आवृत्ती शोधा.

आणि फोन आयफोन असेल तर एवढी उठाठेव नको. आयओएस १६ आणि आयफोन एक्सआर किंवा त्यापुढचा असला की मॅक त्याला सरळ कॅमेरा म्हणून घेतो.

शंकेखोर
मंगळवार, रात्री १०:०२

एक बाळबोध शंका. हा सगळा द्राविडी प्राणायाम कशाला? ओबीएसच्या चित्रावर उजवी टिचकी मारून 'विंडोड प्रोजेक्टर' काढायचा आणि ती खिडकी स्क्रीन शेअर करायची. व्हर्च्युअल कॅमेरा लागतच नाही. वर अक्षर जास्त स्वच्छ दिसतं.

गुंतावळ
मंगळवार, रात्री १०:२५

शंका बाळबोध नाही, मुद्द्याची आहे. मीटिंगची ॲपं कॅमेऱ्याच्या चित्राला आणि शेअर केलेल्या स्क्रीनला वेगळी वागणूक देतात. कॅमेऱ्यात हालचाल सुरळीत ठेवायची म्हणून रेषा थोड्या विरघळल्या तरी चालतात. स्क्रीनमध्ये उलट, अक्षर टोकदार ठेवतात आणि हालचाल अडखळली तर अडखळू देतात. नेट कमी असेल तेव्हा कॅमेऱ्याचं चित्र आधी बारीक होतं. बारीक पेन्सिलने लिहिणाऱ्याला स्क्रीन शेअरच बरं.

पण शिकवताना स्क्रीन दुसऱ्याच गोष्टीसाठी लागते, आलेखासाठी किंवा पुस्तकाच्या पानासाठी. तेव्हा वही आणि चेहरा कॅमेऱ्यातून जात राहिले तर सोयीचं. मी स्वतः जाड शाईचं पेन घेतो आणि कॅमेराच वापरतो. ओबीएसमध्ये आउटपुट १२८० × ७२०, सेकंदाला ३० चौकटी, तेवढं पुष्कळ झालं. १९२० × १०८० पाठवलंत तरी समोर पोचेपर्यंत ॲप ते बहुतेक वेळा लहान करतंच, आणि लॅपटॉपचा पंखा उगाच ओरडतो. हे आकडे व्हर्च्युअल कॅमेरा बंद असतानाच बदलता येतात.

खडूफळा
बुधवार, रात्री ९:१५

आज पहिला तास झाला आणि माझी चांगलीच फजिती झाली, ती सांगते.

तासाच्या आधी ॲपमध्ये स्वतःचं चित्र बघितलं. वहीवर ७ > ५ लिहून पाहिलं, तर सगळं आरशासारखं उलटं! अंक पाठमोरे. घाईघाईने ओबीएसमध्ये 'फ्लिप हॉरिझॉन्टल' केलं. माझ्या पडद्यावर सरळ झालं, मी निर्धास्त. वीस मिनिटं असमानता शिकवली. मग एक पोरगी हळूच म्हणते, "मॅडम, तुमचे आकडे उलटे आहेत, पण उत्तर बरोबर आहे."

मला आधी कळेचना. मग विचार केला. ७ > ५ आरशात धरलं तर ५ डावीकडे येतो, ७ उजवीकडे जातो, आणि चिन्हाचं तोंडही फिरतं. म्हणजे अंक पाठमोरे झाले तरी विधान खरंच राहतं! वर्ग हसून हसून बेजार. मी तोच धागा पकडून उरलेला तास आरशातल्या असमानतांवर घेतला. पण उद्या भागाकार आहे, तो आरशात नाही चालणार. नक्की कुठे काय उलटं होतंय?

गुंतावळ
बुधवार, रात्री ९:४०

हाहा, धाग्याचं सार्थक झालं!

तुमचं मूळ चित्र सरळच होतं. बरीच ॲपं तुम्हाला *तुमचंच* चित्र आरशासारखं दाखवतात, कारण माणसाला स्वतःला आरशातच बघायची सवय असते. समोरच्यांना मात्र ते सरळ जात असतं. तुम्ही ओबीएसमध्ये उलटवलंत, म्हणजे तुमच्यापुरतं दोनदा उलटून सरळ झालं आणि मुलांकडे एकदाच उलटून गेलं. ओबीएसमधला फ्लिप काढा. ॲपच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये 'मिरर माय व्हिडिओ' किंवा तशा अर्थाचा पर्याय असला तर तोही काढा, म्हणजे मुलांना दिसतं तेच तुम्हालाही दिसेल. खात्री करायची तर दुसऱ्या एखाद्या फोनवरून त्याच मीटिंगमध्ये शिरा आणि त्या फोनच्या पडद्यावर बघा. स्वतःच्या चौकटीवर भरवसा नाही.

आणि टांगलेला मोबाइल डोक्यावर पाय आल्यासारखी वही दाखवत असेल तर ते वेगळं. तिथे फ्लिप नाही, 'रोटेट १८० डिग्रीज' करायचं. फिरवल्याने अक्षर वाचता येतं, उलटवल्याने नाही.

रात्रपाळी
बुधवार, रात्री १०:५०

अजून एक, चेहऱ्याची चौकट खाली डावीकडे ठेवू नका. बऱ्याच ॲपांत नावाची पट्टी तिथेच बसते आणि तुमची हनुवटी गिळते. वर उजवीकडे ठेवा. पण अगदी कडेला चिकटवू नका, काही मांडण्यांमध्ये ॲप बाजू कातरतं.

खडूफळा
गुरुवार, दुपारी ४:३५

मिररचा पर्याय काढला, भागाकार सरळ गेला. दोन तक्रारी उरल्या. एक, पांढऱ्या कागदावर आडव्या पट्ट्या सरकताना दिसतात, संध्याकाळी दिवा लावला की जास्त. दोन, हात वहीवर नेला की चित्र धूसर होतं, मग परत स्पष्ट, मग परत धूसर. मोबाइल वायफायवरून जोडलाय.

रात्रपाळी
गुरुवार, रात्री ११:४०

पट्ट्या दिव्याच्या आहेत. विजेचा प्रवाह ५० हर्ट्झचा असेल तर दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. कॅमेरा ६० हर्ट्झ धरून बसला असेल तर त्याचं उघडझाप करणं आणि दिव्याचं लुकलुकणं यांचा मेळ बसत नाही, आणि पट्ट्या चालायला लागतात. मोबाइलच्या कॅमेरा-ॲपमध्ये 'अँटी फ्लिकर' असतं, ते तुमच्या विजेच्या हिशोबाने ५० किंवा ६० करा. शटर हाताने ठेवता येत असेल तर ५० हर्ट्झला सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यालाही ओबीएसमध्ये 'कॉन्फिगर व्हिडिओ'मधून 'पॉवर लाइन फ्रिक्वेन्सी' बदलता येते, कॅमेरा देत असेल तर.

धूसर होणं म्हणजे ऑटोफोकस. हात आला की तो हातावर जातो, गेला की कागदावर परततो. वहीवर फोकस करून कुलूप लावा. उजेडाचंही तसंच. पांढरा कागद चौकटभर आला की कॅमेरा बिचकतो आणि सगळं करडं करतो. एक्स्पोजर थोडं वाढवा आणि तेही कुलूपबंद.

आणि शक्य असेल तर वायफाय सोडून केबल लावा. चित्र उशिरा येणं कमी होतं आणि मध्येच तुटत नाही. अँड्रॉइड १४ पासून काही फोन केबल लावली की वेगळ्या ॲपशिवाय वेबकॅम बनतात, यूएसबीच्या पर्यायांत 'वेबकॅम' दिसतंय का बघा. दिसला तर मधलं ॲप काढूनच टाका.

शंकेखोर
शुक्रवार, सकाळी ८:०५

केबलचा विषय निघालाच आहे तर, व्हर्च्युअल कॅमेऱ्यातून आवाज जातो का? माझे ओठ आधी आणि आवाज नंतर, की उलटं, असं काहीतरी होतं.

गुंतावळ
शुक्रवार, सकाळी ८:३०

नाही जात. फक्त चित्र जातं. आवाज तुमच्या माइकमधून थेट ॲपकडे पळतो, चित्र मात्र मोबाइल, केबल, ओबीएस असा वळसा घेऊन येतं. म्हणून आवाज आधी, ओठ नंतर. कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवून रेकॉर्डिंगमध्ये बघा, किती मागे आहे ते कळतं.

जुळवायचं तर माइक ओबीएसमध्ये घ्यायचा, 'सिंक ऑफसेट'मध्ये तेवढे मिलिसेकंद घालायचे, आणि तो आवाज व्हर्च्युअल ऑडिओ केबल नावाच्या अजून एका खोट्या उपकरणातून ॲपला द्यायचा. खरं सांगू? खडूताईंच्या कामाला हे नको. हात आणि वही यांच्यात कुणी ओठ बघत नाही. गाणं शिकवत असाल तरच यात पडा.

शंकेखोर
शुक्रवार, सकाळी ९:१०

अवांतर: मग स्वतःचा मान डोलावतानाचा व्हिडिओ लूपवर लावून मीटिंगमधून सटकताही येत असेल की.

झटपट_उत्तर
शुक्रवार, सकाळी ९:१४

+१. याच माहितीसाठी धागा वाचत होतो.

पोटमाळा
शुक्रवार, सकाळी ९:४८

येतं. आणि कुणी "तुमचं मत काय?" विचारलं की मान डोलतच राहते, मग काय उत्तर देणार?

एक गंभीर गोष्ट. देखरेखीखालच्या ऑनलाइन परीक्षांची सॉफ्टवेअरं बहुतेक व्हर्च्युअल कॅमेरा ओळखतात आणि अडवतात. मागे ओबीएस नुसतं चालू असलं तरी काहींना खपत नाही. विद्यार्थ्यांनो, परीक्षेआधी बंद करा, उगाच संशय नको. आणि दुसऱ्याच कारणासाठी निवडलेला कॅमेरा विसरू नका. २०२१ मध्ये टेक्ससमधल्या एका न्यायालयाच्या ऑनलाइन सुनावणीला एक वकील मांजराच्या तोंडाने हजर झाले होते आणि 'मी मांजर नाही' असं न्यायाधीशांना सांगत होते, आठवतंय? संगणकावरचा मांजराचा फिल्टर चालूच राहिला होता.

खडूफळा
शनिवार, रात्री ८:५०

केबल लावली, फोकसला कुलूप घातलं, दिव्याचं ५० केलं. पट्ट्या गेल्या. आज दीड तास सलग घेतला, एकदाही वही हातात उचलली नाही. मोबाइल पुस्तकांच्या दोन चळतींवर आडव्या पट्टीला रबराने बांधलाय, दिसायला भयंकर आहे पण हलत नाही. फोन जरा तापतो म्हणून आता त्याचा पडदा काळा ठेवते. पोरं म्हणताहेत आरशातली असमानता परत घ्या.

गुंतावळ, रात्रपाळी, पोटमाळा, मनापासून आभार. लेकाला हा धागा पाठवलाय.

झटपट_उत्तर
रविवार, सकाळी ११:२०

सगळं वाचून मीही टाकलं. इन्स्टॉलरनेच. बटण आहे, नाव आहे, पण माझा चेहरा काळा येतोय. विंडोज परत टाकू का?

गुंतावळ
रविवार, सकाळी ११:२३

आधी मीटिंग बंद करा.

झटपट_उत्तर
रविवार, सकाळी ११:२६

आला.